जुन्या पद्मिनीचा टप तापतो, वाजतो? आतून शीट मारण्याआधी हे वाचा

ऑक्टोबर 2023 च्या शेवटी प्रीमियर पद्मिनीची काळीपिवळी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून कायमची गेली. पण कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या खासगी पद्मिनी अजूनही अनेक घरांत जपलेल्या आहेत. आजोबांची अशी गाडी वसई-विरारमध्ये चालवायची म्हणजे मे महिन्याची उकाड्याची दुपार, मग पावसाचा टपावर ताशा, आणि हायवेवर पत्र्याचा थरथराट. मग 'टपाला आतून शीट मारून टाकू' असं वाटणारच. काम खरंच होण्यासारखं आहे. पण चुकीचं मटेरियल लावलं, तर टप आतून सडतो आणि बाहेरून पत्ताही लागत नाही. कारखाना बंद आहे, त्यामुळे नवा टप कुठून आणणार?

आवाज आणि गरमी हे दोन वेगळे प्रॉब्लेम आहेत

स्टीलच्या ताटावर चमचा मारला की ते वाजत राहतं. त्याला नुसतं बोट लावा, आवाज बंद! ब्युटाइल शीट टपाला हेच करते. चिकट रबराचा थर आणि वर अ‍ॅल्युमिनियमची फॉइल. पत्रा थरथरला की रबर ताणलं जातं आणि कंपन जिरतं. म्हणून पूर्ण टप झाकायची गरज नसते. सपाट भागांच्या मध्ये, साधारण पाव टप झाकला तरी बहुतेक फायदा मिळतो. 2 मिमीची शीट चौरस मीटरला सुमारे 3 किलो भरते. एवढं वजन उगाच डोक्यावर कशाला?

गरमीसाठी मात्र फोम लागतो. स्टीलमधून उष्णता ज्या सहजतेने जाते, त्याच्या हजार पटींहून कमी सहजतेने ती फोममधून जाते. फोमच्या चकचकीत फॉइलचं एक गुपित आहे: तिच्यासमोर हवेची फट असेल तरच ती उष्णता अडवते. पत्र्याला चिकटून बसलेली फॉइल हे काम करत नाही. म्हणून फॉइलची बाजू खाली, रेक्झिनच्या दिशेने ठेवा आणि मध्ये थोडी जागा सोडा.

वसईत खरा शत्रू पाणी

अर्नाळ्यापासून वसईपर्यंत समुद्राची खारी, दमट हवा. त्यात काचेच्या जुन्या रबरातून पाणी झिरपतं, आणि रात्री पत्रा गार झाला की आतून दव धरतं. सोफ्याचा स्पंज लावलात तर तो हे पाणी पिऊन पत्र्याला चिकटून बसेल. बंद छिद्रांचा फोम घ्या. ओळखायचा कसा? दुकानातून छोटा तुकडा आणा, पाण्यात दाबा आणि रात्रभर ठेवा. सकाळी पुसून पिळा. पाणी निघालं, तर तो फोम नको. डांबरी शीटही टाळा, उन्हात ती मऊ होते आणि वास मारते.

काम कसं करायचं?

1. पावसाळा संपल्यावर, कोरड्या दिवसांत काम काढा.
2. रेक्झिन आणि त्याला ताणून धरणाऱ्या तारा जपून काढा. प्रत्येक तारेवर नंबर टाका, कारण वाकण्यात थोडा फरक असू शकतो.
3. आधी गाडीवर पाणी मारून गळती शोधा. रबर बदला.
4. गंज पॉलिश पेपरने घासून काढा, प्रायमर मारा, पूर्ण सुकू द्या. गंजावर शीट लावणं म्हणजे गंज झाकणं.
5. छताच्या दिव्याची वायर तडकली असेल तर आत्ताच बदला.
6. ब्युटाइल रोलरने दाबून बसवा, मग फोम. गोंद उष्णता सहन करणारा हवा, नाहीतर मे महिन्यात फोम डोक्यावर लोंबेल.
7. पाणी वाहून जायच्या जागा बुजवू नका.

फोनने तपासा

कामाआधी आणि नंतर, त्याच रस्त्यावर, त्याच स्पीडला, काचा बंद ठेवून मोजमाप घ्या. मित्राला मागच्या सीटवर बसवून फोन त्याच्याकडे द्या. आखेन विद्यापीठाचं 'फायफॉक्स' हे मोफत अ‍ॅप आवाजाचा स्पेक्ट्रम दाखवतं. फोनचा आकडा अचूक नसेल, पण आधी आणि नंतरचा फरक कळतो. खालच्या फ्रीक्वेन्सीचा घुमणारा आवाज कमी झाला, तर काम जमलं. इंजिन, टायर आणि दारांचा आवाज मात्र टपाच्या कामाने जाणार नाही.

एक कायदेशीर गोष्ट

2021 च्या नियमांनुसार 50 वर्षांहून जुन्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी होऊ शकते आणि तिला 'व्हीए' मालिकेचा नंबर मिळतो. त्यासाठी गाडी मूळ रूपात हवी, बॉडीत मोठे बदल चालत नाहीत. म्हणून टपाला नवी भोकं पाडू नका, आणि जुनं रेक्झिन फाटकं असलं तरी फेकू नका. नवं शिवताना कारागिराला माप म्हणून तेच लागेल.