समजून घ्या : बीडची उचल, सुप्याचे दस्तऐवज आणि कर्जाचा जुना हिशेब

दिवाळी सरली की धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांतून ऊसतोड टोळ्यांचे ट्रक आणि ट्रॅक्टर निघतात. कोणी पश्चिम महाराष्ट्रात जाते, कोणी कर्नाटकात. पण हंगामाचा व्यवहार त्याच्या कितीतरी आधी, पावसाळ्यातच ठरलेला असतो. मुकादमाने दिलेली उचल लेकीच्या लग्नात, दवाखान्यात, बियाण्यात किंवा गेल्या वर्षीची बाकी फेडण्यात खर्च झालेली असते. उसावर पहिला घाव बसण्याआधीच जोडपे कर्जदार असते.

ही रीत बीडमध्ये जन्मलेली नाही. कर्जाचा इतिहास सांगणाऱ्या पुस्तकांत ती वेगवेगळ्या नावांनी भेटते. ती पुस्तके उचलीशेजारी ठेवली की एक प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतो : हिशेबाची वही कोणाच्या हातात आहे?

उचल म्हणजे नेमके काय?

उचल म्हणजे हंगामातील मजुरीपोटी आधी घेतलेली रक्कम. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ आणि एकटा मजूर ‘अर्धा कोयता’ धरला जातो. पैसा साधारणपणे कारखान्याकडून वाहतूक ठेकेदाराकडे, तिथून मुकादमाकडे आणि शेवटी मजुराकडे येतो. त्यामुळे मुकादमही वरच्याचा देणेकरी असतो. मजूर दोघांकडून उचल घेऊन आलाच नाही, तर मुकादमावर जमीन विकण्याची वेळ येते. साखळीतील प्रत्येक जण खालच्याला धरून ठेवतो. सर्वांत खालच्याकडे मात्र धरायला कोणी उरत नाही.

एक लाख रुपये फिटायला किती ऊस?

जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली आणि दर टनामागे सुमारे ३६६ रुपयांवर गेला. मुकादमाचे कमिशन त्याशिवाय वेगळे. समजा, एका कोयत्याने एक लाख रुपये उचल घेतली. ती फिटायला सुमारे २७३ टन ऊस तोडावा लागेल. रोज दोन टन तोडले, तर १३७ दिवस, म्हणजे सलग साडेचार महिने.

हंगाम साधारण तेवढाच असतो. त्यात पाऊस, कारखान्यातील बिघाड आणि आजारपण आले. किराणासाठी घेतलेली खर्ची त्याच खात्यावर चढते. कामाला न जाण्याचा ‘खाडा’ पडला की अनेक ठिकाणी दंड कापला जातो. मग पट्टा पडतो, म्हणजे हंगाम संपतो, तेव्हा हाती पैशाऐवजी बाकी येते. ती फेडायला पुढच्या वर्षी पुन्हा त्याच मुकादमाची उचल घ्यावी लागते.

या हिशेबाची किंमत शरीरानेही मोजली जाते. २०१९ मध्ये बीडमधील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला. शासकीय पाहणीत ८२ हजार ३०९ महिलांपैकी १३ हजार ८६१ जणींचे गर्भाशय काढल्याचे आढळले. आजारपणात आणि पाळीच्या दिवसांत खाडा परवडत नाही, हे त्यामागचे एक कारण म्हणून पुढे आले.

सुप्याला कागद का जाळले?

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावात शेतकऱ्यांनी सावकारांची घरे-दुकाने गाठली आणि कर्जाचे दस्तऐवज व वह्या जाळल्या. उठावाचे लोण नगर जिल्ह्यातही पोहोचले.

पार्श्वभूमी थेट अमेरिकेपर्यंत जाते. तिथल्या यादवी युद्धामुळे १८६१ नंतर इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि सावकारांनी हात सैल सोडला. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळला, कर्ज मिळेनासे झाले. त्यातच सारा वाढला. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने दस्तऐवज तीन वर्षांपुरताच वैध ठरला होता. हेतू कर्जदाराला वाचवण्याचा होता. घडले उलटेच. दर तीन वर्षांनी सावकार थकलेले व्याज मुद्दलात मिसळून नवा कागद करून घेऊ लागला. ऊसतोडीत बाकी नव्या उचलीत मिसळते, तशीच ही रीत.

चौकशीसाठी आयोग नेमला गेला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. १८८३ मध्ये महात्मा फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. सावकार, कुलकर्णी आणि कोर्टकचेरी यांच्या मध्ये न वाचता येणारा शेतकरी कसा भरडतो, हे त्यात सविस्तर येते. बीड तेव्हा निजामाच्या राज्यात होते. त्यामुळे पुणे, सातारा, सोलापूर आणि नगरसाठी केलेला हा कायदा इथे लागू नव्हता.

पुस्तके काय सांगतात?

मानववंशशास्त्रज्ञ डेव्हिड ग्रेबर यांचे ‘डेट : द फर्स्ट ५,००० इयर्स’ हे पुस्तक २०११ मध्ये आले. कर्ज फेडणे हा नीतीचा प्रश्न बनला की बळजबरीही न्याय्य वाटू लागते, हा त्यांचा मुद्दा. प्राचीन सुमेरमध्ये स्वातंत्र्यासाठी ‘अमार्गी’ हा शब्द होता. त्याचा शब्दशः अर्थ ‘आईकडे परतणे’. राजा कर्जमाफी जाहीर करी, तेव्हा कर्जापायी राबणारी माणसे घरी परतत. हम्मुराबीच्या कायद्यात कर्जापोटी दिलेल्या बायको-मुलांना तीन वर्षे राबवून चौथ्या वर्षी सोडावे लागे.

डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी दक्षिण गुजरातमधील बारडोलीत खानदेशातून जाणाऱ्या ऊसतोड मजुरांचा अभ्यास केला. पूर्वीची वेठ पिढ्यान्‌पिढ्या चाले. आताची वेठ हंगामापुरती असते आणि मालकावर मजुराला वर्षभर पोसण्याची जबाबदारीही नसते, असे त्यांचे निरीक्षण आहे.

कायदा काय म्हणतो?

प्रत्येक उचल म्हणजे वेठबिगारी नव्हे. मात्र आगाऊ रकमेच्या बदल्यात किमान वेतनाहून कमी मजुरी दिली किंवा दुसरीकडे काम करण्याचे, कुठेही जाण्याचे स्वातंत्र्य हिरावले, तर १९७६ चा वेठबिगार निर्मूलन कायदा लागू होतो. असे कर्ज मग फेडावेच लागत नाही. आणि ते वेठीचे नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारी कर्ज देणाऱ्यावर असते. तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडे करता येते.

मग अडते कुठे?

पुराव्यावर. उचल बहुधा तोंडी ठरते किंवा कोऱ्या कागदावर अंगठा घेतला जातो. वजन कारखान्याच्या काट्यावर होते आणि नोंद मुकादमाच्या वहीत राहते. फडात मोळ्या बांधणाऱ्याला आपण किती टन तोडले, हे हंगाम संपल्यावरच कळते.

सुप्याच्या शेतकऱ्यांनी वही जाळली, कारण ती त्यांना वाचता येत नव्हती. आज कोपीत मोबाइल आहे आणि वाचता येणारी पोरेही आहेत. प्रत्येक खेपेच्या वजनपावतीचा फोटो, घेतलेली खर्ची आणि पडलेले खाडे तारखेसह लिहून ठेवले, तर पट्टा पडल्यावर दोन वह्या समोरासमोर येतील. त्याने उचल लगेच फिटणार नाही. पण बाकी किती, हे एकटा मुकादम ठरवणार नाही.