कोठीचे बारा महिने

बँकेतील नोकरी म्हटली की बदली आलीच. १९९७ च्या हिवाळ्यात आम्ही साताऱ्याहून बंगळुरूला आलो, तेव्हा सामानाच्या ट्रकमधून चिनी मातीच्या सहा बरण्या, पत्र्याचे दोन पिंप आणि सासूबाईंचा सोऱ्या आमच्याबरोबर आला. घर मिळाले ते मल्लेश्वरममध्ये, दोन खोल्यांचे. साताऱ्याच्या घराला कोठीची स्वतंत्र खोली होती. येथे स्वयंपाकघरातील ओट्याखालचे एक कपाट, एवढीच आमची कोठी.

पुढील मे महिन्यात सासूबाई खास वाळवणासाठी येऊन राहिल्या. वर्षाची बेगमी करायची ती मृगापूर्वी, हा त्यांचा नेम. तीन दिवस गहू भिजवून, वाटून चीक काढला, पहाटे उठून तो शिजवला आणि गच्चीवर जुन्या धुतलेल्या लुगड्यांवर कुरडया घातल्या. उन्हे चढली होती, आभाळ निरभ्र होते. दुपारी चारच्या सुमारास बघता बघता अंधारून आले आणि पुढच्या दहा मिनिटांत गारा पडू लागल्या. उरलेल्या कुरडया खोलीत पंख्याखाली वाळवल्या; चौथ्या दिवशी त्यांवर हिरवट बुरशी दिसली. त्याच आठवड्यात उडदाचे पापडही दमट राहिले. सासूबाई कोणाला काही बोलल्या नाहीत. सोऱ्या धुऊन, पुसून त्यांनी फडक्यात बांधून ठेवला, एवढेच.

शेजारच्या अज्जींनी हा सारा प्रकार आपल्या गच्चीवरून पाहिला होता. त्यांचे कन्नड आणि सासूबाईंचे मराठी यांच्यात मी दुभाषी. अज्जींचे म्हणणे असे, की वाळवण मे महिन्यात घालतो तो वेडा; शिवरात्र झाली की लागलीच ते उरकायचे. आम्ही हात बदलला नव्हता, कृती बदलली नव्हती. चूक एवढीच होती, की आम्ही साताऱ्याचे पंचांग बंगळुरूच्या आभाळाला लावले होते.

नंतर मी थोडी चौकशी केली तेव्हा अज्जींचे बोलणे आकड्यांनीही खरे ठरले. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरील या शहरात फेब्रुवारीचा सरासरी पाऊस १० मिलिमीटरही भरत नाही, मार्चही बहुधा कोरडाच जातो. एप्रिलपासून मात्र दुपारच्या वळवाच्या सरी सुरू होतात आणि मे महिन्याची सरासरी १०० मिलिमीटर ओलांडते. सर्वाधिक पाऊस पडतो तो सप्टेंबरमध्ये, आणि ऑक्टोबरही त्याच्या पाठोपाठच असतो. म्हणजे देशावर चैत्र-वैशाखात जे काम निवांत चालते, त्याला येथे माघ-फाल्गुनाचाच अवधी मिळतो. उलट दसरा-दिवाळीच्या सुमारास, देशावर पाऊस सरलेला असताना, येथे डब्यांना ओल लागण्याची खरी भीती असते.

तेव्हापासून एका महिन्यात वर्षाची कोठी भरण्याचा हट्ट आम्ही सोडला. जे पीक ज्या महिन्यात बाजारात येते, ते त्या महिन्यात आणि तेवढेच घ्यायचे. यात एक लाभ असा झाला, की मे महिन्याच्या पगारावर पडणारा ताण बारा महिन्यांत वाटला गेला. आपल्या वाचकांना निराळे सांगावयास नको, ही आवर्ती ठेवच आहे. फरक एवढाच, की हिच्या व्याजाला कधी कधी कीड लागते.

आमचे वर्ष सुरू होते कार्तिकात, आणि तेही शेंगदाण्याने. कार्तिकातील शेवटच्या सोमवारी बसवनगुडीत, दोड्ड बसवण्णाच्या म्हणजे मोठ्या नंदीच्या देवळापाशी 'कडलेकाई परिषे' भरते. कडलेकाई म्हणजे भुईमुगाच्या शेंगा. शेतकरी नव्या पिकाची पहिली रास नंदीला वाहतात आणि रस्त्याच्या दोन्ही कडांना शेंगांचे ढीग लागतात. येथून शेंगा घेताना एक पथ्य मात्र पाळावे. जत्रेत मिळतात त्यांतील बऱ्याच ओल्या असतात; त्या भाजून, उकडून खाव्यात. साठवणासाठी कानाशी हलवली असता आत दाणा खुळखुळतो अशीच शेंग घ्यावी, आणि ती सालासकट ठेवावी. दमट दाण्यावर येणाऱ्या बुरशीत अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते व ते यकृताला घातक असते. कुबट वासाचा दाणा भाजून सुधारत नाही. तो टाकूनच द्यावा.

याच सुमारास नाचणीची मळणी होते. बंगळुरूच्या परिसरात नाचणीला रागी म्हणतात आणि तिचे मुद्दे हे येथील रोजचे अन्न. साठवणाच्या दृष्टीने इतके गुणी धान्य दुसरे नाही. दाणा बारीक आणि टणक असल्याने किडीला तेथे सहसा थारा मिळत नाही. पूर्वी कर्नाटकातील शेतकरी जमिनीतील पेवांत ती वर्षानुवर्षे ठेवीत. (आपण एखाद्या गोष्टीचे 'पेव फुटले' असे म्हणतो, ते हेच पेव.) सासूबाईंना नाचणी प्रथम परकी वाटली, मग तिचे सत्त्व करून नातवाला भरवू लागल्या तेव्हा ती घरची झाली.

डिसेंबर-जानेवारीत सारे शहर अवरेकाईने घमघमू लागते. मराठी माणसाने या शेंगेपुढे बुजून जाण्याचे कारण नाही; आपले वाल आणि पावटे त्याच कुळातले. येथील बायका दाणे भिजवून, चिमटीत दाबून साल काढतात आणि त्याला 'हितकबेळे' म्हणतात. आपण कडवे वाल सोलून डाळिंब्या करतो, ती हीच क्रिया. सासूबाईंना हे दाखवले त्या दिवशी त्यांनी अज्जींना डाळिंब्यांची उसळ पाठवली, आणि संध्याकाळी वाटी परत आली ती हितकबेळ्यांच्या सांबाराने भरून. ओल्या शेंगांचा हंगाम ओसरला, की वाळलेले दाणे दोन-तीन किलो घेऊन ठेवावेत.

जानेवारी ते मार्च हे तीन महिने कोठीच्या दृष्टीने सोन्याचे. उत्तर कर्नाटकातील नवी तूर याच वेळी येते. कलबुर्गीच्या तुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. येथील गृहिणींना तिची ओळख त्याआधीपासूनच होती. आम्हां चौघांना महिन्याला दोन किलो डाळ लागते. मी फेब्रुवारी संपण्यापूर्वी सोळा किलो घेते, चोवीस नव्हे, कारण कोठी भरणे म्हणजे साठेबाजी नव्हे आणि आठ महिन्यांपुढे डाळीची चवही उतरते. ऑक्टोबर २०१५ मध्ये अनेक शहरांत तूरडाळ किलोमागे दोनशे रुपयांच्या घरात गेली, तेव्हा आमच्या पिंपात फेब्रुवारीतील डाळीची अखेरची दोन किलो शिल्लक होती. त्या महिन्यात वरणाला कात्री लागली नाही.

डाळीला किलोमागे चहाचा चमचाभर एरंडेल चोळण्याची आपली रीत शास्त्रालाही मान्य आहे. कडधान्यातला भुंगा दाण्याच्या पृष्ठभागावर अंडी घालतो; तेलाचा थर त्याच्या आड येतो. शिजवण्यापूर्वी डाळ कोमट पाण्याने चोळून धुवावी, म्हणजे वास राहत नाही. तांदळाला मात्र पूर्वी लावीत ती बोरिक पावडर आता विसरावी. ती खाण्याची वस्तू नव्हे. रवा आणि मैदा आठवडाभर फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवून मग डब्यात भरला, तर त्यातील किडीची अंडी मरतात. ही युक्ती सासूबाईंच्या काळी नव्हती, आणि त्यांनी ती सर्वांत आधी उचलली.

मिरचीची गोष्ट तर घरचीच. आपण जिला बेडगी म्हणतो, ती हावेरी जिल्ह्यातील ब्याडगी या गावाच्या नावाची. तिला २०११ मध्ये मानांकन मिळाले. तिखटपणा बेताचा आणि रंग गर्द. साल सुरकुतलेली असते. नवी मिरची आली की दोन कडक उन्हे देऊन, देठे तशीच ठेवून ती भरावी; देठ काढलेली मिरची लवकर किडते. गोड्या मसाल्यासाठी खोबरे तिपटूरचे. दगडफूल मागताना प्रथम माझी पंचाईत झाली होती. पण दुकानदाराने 'कल्लू हूवु' म्हणून तेच पुढे केले आणि त्याचा अर्थही शब्दशः दगडाचे फूल असाच निघाला. मसाला आम्ही एकदम वर्षाचा कुटत नाही, तीन महिन्यांचा कुटतो. अख्खे जिन्नस टिकतात, पूड विरते.

फाल्गुनात नवी चिंच येते. ती फोडून, चिंचोके काढून, मीठ लावून गोळे करून ठेवले की वर्ष निघते. आणि शिवरात्रीनंतर, अज्जींच्या पंचांगाप्रमाणे, वाळवण. कन्नडमध्ये सांडग्यांना 'संडिगे' म्हणतात. कोहळ्याचे सांडगे दोन्ही घरी सारखेच होतात. ताकात मुरवून वाळवलेल्या सांडगी मिरचीची कृतीही सारखी, फक्त आम्ही भरतो आणि त्या नुसत्या चिरा देतात. पुढील वर्षी मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात सासूबाईंनी तो सोऱ्या फडक्यातून सोडला. कुरडया तीन दिवसांत खडखडीत वाळल्या.

एप्रिलनंतर ज्याला ऊन लागत नाही तेवढेच उरते: कैरीचे लोणचे, साखरांबा. फोडी पुसून कोरड्या करणे, त्यांच्या सहाव्या-सातव्या हिश्श्याइतके मीठ घालणे आणि वर तेलाचा बोटभर थर राखणे, या तिन्हींत कसूर नसेल तर बरणीला दादरा बांधून पावसाळ्यास खुशाल सामोरे जावे. गुळाला मात्र येथे पाणी सुटतेच. मंड्याचा गूळ कितीही चांगला असो, जूननंतर मी दोन किलोंहून अधिक ठेवीत नाही. तांदळाविषयीही माझे मत स्पष्ट आहे. जुना तांदूळ मोकळा शिजतो हे खरे, पण तो व्यापाऱ्याने जुना करावा. दोन खोल्यांच्या घरात वर्षाचा तांदूळ ठेवून वाचते ते फार थोडे.

२४ मार्च २०२० च्या रात्री आठ वाजता देशभर एकवीस दिवसांच्या टाळेबंदीची घोषणा झाली. दुसऱ्या दिवशी पाडवा, येथील उगादी. सासूबाई तेव्हा हयात नव्हत्या, अज्जीही नव्हत्या. घोषणा संपते न संपते तोच लोक दुकानांकडे धावले. आमच्या कपाटात नवी तूर, मिरची, चिंच, मसाला, नुकतेच वाळलेले सांडगे असे सर्व होते. दूध आणि भाजी तेवढी नव्हती. वरच्या मजल्यावर संगणक कंपनीत काम करणारे एक तरुण जोडपे राहत असे. दोन्ही वेळचे जेवण बाहेरून मागवण्याची त्यांची सवय. घरात तांदळाची एक अर्धी पिशवी होती. आठवडाभर आमटीचे पातेले थोडे मोठे चढवले आणि मेतकुटाची एक बाटली वर पाठवली. भातावर मेतकूट आणि तूप, हे त्या मुलीला इतके आवडले की तिने कृती लिहून घेतली.

जूनमध्ये ती यादी मागण्यास आली. मी यादी दिली नाही. दोन महिने घरात काय किती लागते ते वहीत मांडायला सांगितले आणि मग दर महिन्याच्या किराण्यात एकच वस्तू तीन महिन्यांची घ्यायला सांगितली. डब्यावर महिना लिहायचा, नवा माल मागे आणि जुना पुढे. जूनमध्ये तिने मोहरी-मेथीसारख्या ओल न धरणाऱ्या जिनसांपासून आरंभ केला. डाळ मुद्दाम फेब्रुवारीपर्यंत थांबवली. पहिल्या वर्षी तिचे दीड किलो हरभरे भुंग्यांनी खाल्ले, तेव्हा ती खट्टू होऊन खाली आली. मी तिला गारांतल्या कुरडयांची हकीकत सांगितली.

यंदा शिवरात्रीनंतर गच्चीवर आमच्या दोघींची वाळवणे शेजारी शेजारी होती. सोऱ्या तिच्याकडे आहे. मार्चअखेर परत करीन म्हणाली होती, अजून केलेला नाही.