पोलादी गोदाम आणि जोत्याची उंची

महाड-पोलादपूर परिसरात नवे गोदाम किंवा दुकानाचा मोठा गाळा उभारायचे ठरले की आजकाल पहिला भाव निघतो तो पीईबीचा, म्हणजे कारखान्यात भाग तयार होऊन जागेवर केवळ बोल्टने जोडल्या जाणाऱ्या पोलादी इमारतीचा. काम काही आठवड्यांत उभे राहते, मधे खांब येत नाहीत, आणि दिवाळीनंतर पाया घेतला तर पुढच्या पावसाळ्यापूर्वी माल आत जाऊ शकतो. हे फायदे खरे आहेत. परंतु भाव चौरस फुटावर ठरतो आणि निवडही तेथेच अडकते. या भागात आधी विचारायला हवे ते हे, की माल जमिनीपासून किती उंचीवर राहणार?

जुलै २०२१ मधील महापूर येथील पेढ्यांना सांगायला नको. सावित्री महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावते, पोलादपूरवरून महाडला येते आणि पुढे बाणकोटच्या खाडीत समुद्राला मिळते. गांधारीही महाडजवळच तिला येऊन मिळते. घाटमाथ्यावरचा मुसळधार पाऊस आणि खाडीची भरती एका वेळी आली की पाणी तुंबून बाजारपेठेत शिरते. अशा पाण्यापुढे पत्र्याची भिंत आणि विटांची भिंत यांत फारसा फरक उरत नाही. पोलाद पूर अडवीत नाही. मात्र माल वर ठेवण्याची सोय ते स्वस्तात करू शकते.

म्हणून आराखडा हाती घेण्यापूर्वी पूररेषेचा नकाशा पाहावा. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. दोहोंमधील जागेत बांधकामावर बंधने आहेत आणि जोते लाल रेषेच्या वर घ्यावे लागते. भराव घालून एवढे उंच जोते परवडत नसेल, किंवा दारात मालमोटार लागणे अवघड होत असेल, तर आत पोलादी पोटमाळा घ्यावा. मात्र तो मूळ रचनेतच मोजलेला असावा. तांदळाच्या पोत्यांची एक मीटर उंचीची थप्पी दर चौरस मीटरला सुमारे पाऊण टन भार देते. कचेरीच्या हिशेबाने बांधलेला माळा त्याखाली वाकेल. वीजमीटर, पॅनेल आणि वह्या-संगणकही वरच हवेत.

खालच्या भागाचीही काळजी निराळी. खांबाचे तळपट्टे आणि अँकर बोल्ट चिखलात बुडून राहिले तर गंज तेथूनच सुरू होतो; ते काँक्रीटच्या उंचवट्यावर घ्यावेत. बंद पोकळ खांबांपेक्षा उघड्या छेदाचे खांब पुरानंतर धुऊन रंगविता येतात.

छपराबाबत जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने रायगडला पुरेसा धडा दिला आहे. त्या वेळी उडालेले पत्रे अनेकांनी पाहिले. निविदेत वाऱ्याचा भार आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागाप्रमाणे आणि पोलादी सांगाडा आयएस ८०० प्रमाणे मोजल्याचे लेखी मागावे. कोयना जवळ असल्याने भूकंपाचा हिशेबही. कडेच्या आणि कोपऱ्याच्या पत्र्यांना स्क्रू दाट हवेत, कारण वारा पत्रा उचलायला सुरुवात तेथूनच करतो. दोन उतारांच्या मधली पन्हळ कोकणच्या पावसात हमखास तुंबते. शक्यतो एकच आढे असलेले छप्पर घ्यावे. पत्र्याखाली उष्णतारोधक थर नसेल तर दमट रात्री आतून पाणी ठिबकते आणि कापडाचे तागे, साखर, कडधान्य यांचे नुकसान पुरावाचून होते.

पोलादपूरकडे धोका वेगळा आहे. तेथे पाण्यापेक्षा उताराची चिंता अधिक. विनाखांब मोठ्या गोदामाला रुंद सपाट जागा लागते आणि ती मिळविण्यासाठी डोंगर कापला जातो. जुलै २०२१ मध्येच महाड तालुक्यातील तळिये, पोलादपूर तालुक्यातील केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथे दरडी कोसळल्या. त्या गावांची नावे आठवली की कापलेल्या उताराखाली माल आणि माणसे ठेवण्याचे धाडस होऊ नये. एका मोठ्या गोदामाऐवजी उताराला धरून दोन-तीन अरुंद गाळे पायरी-पायरीने घेणे दिसायला साधे, पण शहाणपणाचे. हमालीचा खर्च थोडा वाढेल. शिवाय पाण्याचा निचरा डोंगराच्या बाजूनेच आधी बांधावा. तो मागाहून करू म्हटले की राहून जातो.

हिशेबात आणखी दोन गोष्टी धराव्यात. स्वतःच्या व्यवसायासाठी उभारलेल्या स्थावर इमारतीवरील वस्तू व सेवा कराचे इनपुट क्रेडिट सामान्यतः मिळत नाही, त्यामुळे दोन भाव ताडून पाहताना करासह पाहावेत. दुसरे, भाडेपट्ट्याच्या जागेवर बोल्टने जोडलेला सांगाडा उतरवून अन्यत्र नेता येतो, हा पोलादाचा मोठाच गुण. पाया आणि फरशी मात्र जागामालकाकडेच राहतात. करार करताना सांगाडा कोणाचा, हे त्यात स्पष्ट लिहून घ्यावे आणि विमापत्रात पूर व वादळ दोन्ही आहेत ना, हे मे महिन्याच्या आत तपासावे.