भोवत्याला झोपायला माळ हवा

पाहुणा कोण?

सप्टेंबर-ऑक्टोबरात सोलापूर, पुण्याच्या कोरड्या पट्ट्यात भोवत्ये हे शिकारी पक्षी उतरतात. त्यातला पांढुरका भोवत्या रशिया-कझाकस्तानच्या गवताळ प्रदेशातून येतो आणि मार्च-एप्रिलला परततो. आययूसीएनच्या यादीत तो 'संकटसमीप' आहे. ससाण्यासारखी वरून झडप घालणं त्याच्या स्वभावात नाही. डोक्याइतक्या उंचीवरून, पंख किंचित वर धरून तो बांधाबांधानं तरंगतो. चेहरा घुबडासारखा चपटा. गवतातली खसफस त्याला ऐकू येते.

दिवसा शेत चालतं

हरभरा, करडई, गवत माजलेले बांध, पेरणीविना राहिलेली एखादी पट्टी, एवढ्यावर त्याचं भागतं. नाकतोडे, चंडोल, उंदीर, सरडे मिळाले की झालं. जिरायती शेती त्याच्या फायद्याची होती, कारण ती जमीन पिळून काढत नव्हती. ऊस मात्र वर्षभर उभा. त्या दाटीत खालचं भक्ष्य दिसणार कसं? फवारणी वाढली की नाकतोडे घटतात, शिवाय विषारी भक्ष्य पोटात जातं ते वेगळंच.

रात्रीचं गणित वेगळं

खरी अडचण मला इथे दिसते. भोवत्ये झाडावर नव्हे, जमिनीवर, गवतात झोपतात, तेही थव्यानं. सूर्य टेकला की चहूबाजूंनी येतात, माळावर घिरट्या घालतात आणि एकेक करून गवतात बुडतात. सकाळी तिथे गवत बशीसारखं दबलेलं असतं. शेजारी त्यांनी ओकलेली करडी गोळी पडलेली. नखानं फोडली तर नाकतोड्यांचे पाय आणि जबडे निघतात. ही गोळी म्हणजे शेतकऱ्याला फुकट मिळालेल्या कीडनियंत्रणाची पावतीच! गुजरातच्या वेळावदर राष्ट्रीय उद्यानात एके काळी एका रात्री हजारावर भोवत्ये मुक्कामाला असत. उद्यान जेमतेम ३४ चौरस किलोमीटरचं. रात्री गवत तिथलं, दिवसा पोट मात्र आसपासच्या शेतांवरही भरायचं.

माळ जातो कुठे?

कागदोपत्री तो 'पडीक'. मग पाणी आलं की जेसीबी लावून सपाट होतो आणि डाळिंब किंवा ऊस लागतो. उरलेल्यावर चर खणून झाडं लावतात. हेतू चांगला, पण भोवत्याच्या दृष्टीनं नांगर काय नि वृक्षारोपण काय, सारखंच.

करता येण्याजोगं

गवत कापूच नका, असं कोण म्हणेल? जनावरांना चारा लागतोच. कुरण मात्र एकदम साफ न करता मधला सलग तुकडा मार्चअखेरपर्यंत उभा ठेवायचा आणि संध्याकाळनंतर त्यात कुत्री, माणसं फिरकू द्यायची नाहीत. एप्रिलात पक्षी गेले की तोही कापायला हरकत नाही.