सीमाभागाचे पहिले लढे (भाग ३) : कित्तूरच्या खजिन्यावरची मोहोर

निपाणीकडून बेळगावला येताना शहर पाच-सहा किलोमीटरवर राहिले की काकती लागते. इथल्या धुळाप्पा देसायांची मुलगी चन्नम्मा कित्तूरच्या मल्लसर्जा देसायांना दिली. लग्नानंतर ती बेळगाव आणि धारवाडच्या मधल्या एका सुखवस्तू संस्थानात गेली आणि १८२४ च्या दसरा-दिवाळीच्या दिवसांत तिने कंपनी सरकारशी उघड लढाई केली. सत्तावन्नचा उठाव अजून तेहतीस वर्षे दूर होता.

मागच्या भागात १० एप्रिल १८१८ रोजी बेळगावचा किल्ला जनरल मन्रोच्या हाती कसा पडला ते पाहिले. त्या मोहिमेत कित्तूरकर इंग्रजांच्या बाजूने होते, हे अनेकांना खटकते. पण त्याआधीची वर्षे पाहिली की त्याचा उलगडा होतो. दुसऱ्या बाजीरावाने कित्तूरवर वर्षाला पावणेदोन लाखांची खंडणी बसवली होती. त्याने मल्लसर्जांना पुण्यात नजरकैदेतही ठेवले. सुटका झाली तेव्हा त्यांची प्रकृती पार ढासळलेली होती आणि १८१६ मध्ये ते वारले. धन्याची अशी अवस्था ज्यांनी डोळ्यांनी पाहिली, त्या कित्तूरकरांनी दोनच वर्षांनी पेशवाईसाठी तलवार उपसावी ही अपेक्षाच चुकीची आहे. मन्रोने देसगत चालू ठेवली, खंडणी आता पुण्याऐवजी कंपनीकडे जाऊ लागली, आणि कित्तूरला वाटले की आपले घर वाचले.

मग सहा वर्षांत मित्राचा शत्रू कसा झाला?

त्याचे मूळ एका दत्तकात आहे. मल्लसर्जांच्या मागे त्यांचा थोरल्या राणीपासूनचा मुलगा शिवलिंगरुद्रसर्जा, म्हणजेच बापूसाहेब, गादीवर आला. त्याची प्रकृती तोळामासा होती आणि त्याला मूलबाळ नव्हते. मास्तमरडीच्या गौडांचा मुलगा शिवलिंगप्पा याला दत्तक घेऊन सप्टेंबर १८२४ मध्ये बापूसाहेब वारले. धारवाडचा कलेक्टर आणि कंपनीचा राजकीय प्रतिनिधी सेंट जॉन थॅकरे याने हे दत्तक मानायला नकार दिला. दत्तकाच्या कागदावरच्या सहीचा त्याला संशय होता आणि सरकारची आगाऊ परवानगी घेतलेली नव्हती. आपल्याकडे दत्तक हा घरचा आणि धर्माचा विषय. पोटी मूल नाही म्हणून वतन बुडत नसे. दत्तक पुत्र पाणी सोडी आणि दौलतही चालवी. वरिष्ठ सत्तेला नजराणा देण्याची रीत होती, पण गादीच नाकारणे ही निराळी गोष्ट होती. पुढे डलहौसीने १८४८ मध्ये सातारा आणि १८५४ मध्ये झाशी ज्या हत्याराने खालसा केली, ते कित्तूरवर चोवीस वर्षे आधी चालवले गेले.

थॅकरेने आणखी एक पाऊल टाकले आणि ते अधिक झोंबले. त्याने कित्तूरच्या खजिन्याला मोहोर लावली, त्यावर पहारा बसवला आणि कारभार आपल्या मर्जीतल्या माणसांकडे दिला. राणी चन्नम्माने पुण्याचा कमिशनर चॅप्लिन आणि मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन यांच्याकडे दाद मागितली. म्हणजे अर्ज-विनंत्यांचा मार्ग तिने आधी चोखाळला होता, हे विसरू नये. वरून उत्तर येईपर्यंत थांबायला थॅकरेला काय हरकत होती, हा प्रश्न आजही कागद चाळताना पडतो. त्याची घाईच या लढाईचे तात्कालिक कारण ठरली.

खजिना म्हणजे केवळ देसायांचे दागदागिने नव्हेत. त्यातून शिबंदीचा पगार व्हायचा, देवस्थानांचे खर्च चालायचे. त्याखेरीज गावोगावचे शेतसनदी होते. गावचा पहारा करायचा, बोलावणे आले की हत्यार घेऊन हजर व्हायचे आणि त्याबदल्यात जमीन कसायची, असा त्यांचा करार. देसगत गेली तर चाकरी गेली आणि चाकरी गेली तर शेत गेले. कित्तूरच्या तटावर उभ्या राहिलेल्या माणसांना राणीबद्दल निष्ठा होतीच, पण आपल्या भाकरीचा हिशेबही त्यांना कळत होता.

ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात थॅकरे तोफा आणि घोडदळ घेऊन स्वतः कित्तूरला आला. खजिन्याच्या जबाबदारीचा लेखी जामीन द्या, असा त्याचा हट्ट. २३ ऑक्टोबरला सकाळी किल्ल्याचे दरवाजे आतून बंद झाले. थॅकरेने तोफा दरवाजासमोर आणवल्या आणि काही मिनिटांची मुदत दिली. मुदत भरत आली तेव्हा दरवाजा उघडला, पण शरणागतीसाठी नव्हे. आतून कित्तूरचे लोक लोंढ्याने बाहेर पडले आणि तोफांवर तुटून पडले. थॅकरे जागीच ठार झाला. कॅप्टन ब्लॅकसह आणखी अधिकारी पडले. थॅकरेला गोळी घालणारा अमटूरचा बाळप्पा, असे या भागात आजही सांगतात. ‘व्हॅनिटी फेअर’ लिहिणारा प्रसिद्ध कादंबरीकार थॅकरे हा या कलेक्टरचा पुतण्या.

स्टीव्हन्सन आणि एलियट हे थॅकरेचे दोन तरुण सहायक जिवंत हाती लागले. राणीने त्यांच्या जिवाला धक्का लागू दिला नाही. हाच वॉल्टर एलियट पुढे कर्नाटकातल्या शिलालेखांचा मोठा संग्राहक झाला. चालुक्यांच्या इतिहासाची पहिली जुळवाजुळव त्याच्या नकलांवरून झाली. कित्तूरच्या कोठडीत त्याचे काही बरेवाईट झाले असते तर ते काम कोणी आणि केव्हा केले असते, कोण जाणे!

कंपनी हादरली, त्याला आणखी एक कारण होते. त्याच वर्षी ब्रह्मदेशात तिचे युद्ध सुरू झाले होते, आणि कित्तूरनंतर दहाच दिवसांनी, २ नोव्हेंबरला, बंगालमधल्या बराकपूरच्या छावणीत तिकडे जायला नकार देणाऱ्या शिपायांवर तोफा डागण्यात आल्या. अशा वेळी दक्षिणेत एक कलेक्टर मारला जाणे तिला परवडणारे नव्हते. मद्रास आणि मुंबई या दोन्ही इलाख्यांतल्या पलटणी कित्तूरकडे वळल्या. नोव्हेंबरअखेर कर्नल डीकनची फौज किल्ल्यासमोर उभी राहिली. चॅप्लिनही आला. बोलाचालीत दोघा कैद्यांना राणीने सोडून दिले. हातातले ओलीस गेल्यावर दुसऱ्याच दिवशी, ३ डिसेंबरला, लढाई जुंपली. तटावर तोफांचा मारा झाला, मन्रोचा पुतण्या असलेला सोलापूरचा सबकलेक्टर या झटापटीत कामी आला, पण ५ डिसेंबरला किल्ला पडला. दारूगोळ्यात भेसळ करून घरभेद्यांनी घात केला, अशी कथा गावोगाव सांगतात. तीत तथ्य किती ते असो. दोन इलाख्यांच्या तोफखान्यापुढे एका देसगतीचा तट फार दिवस टिकणे कठीणच होते. याच आठवड्यात, ९ डिसेंबरला, पेरूमधल्या आयाकुचोच्या माळावर दक्षिण अमेरिकेतली स्पेनची वसाहती सत्ता कायमची मोडली. तिथे एक अख्खे खंड एकमेकांच्या मदतीला धावून आले होते. कित्तूरच्या मदतीला शेजारचे संस्थानिक आले नाहीत.

राणीला बैलहोंगलच्या किल्ल्यात कैदेत ठेवण्यात आले. फेब्रुवारी १८२९ मध्ये तिथेच ती वारली. तिची समाधी त्या गावात आहे. कित्तूरच्या पडक्या वाड्यात आजही जोती, विहीर आणि भिंतीतून ध्रुवतारा पाहण्यासाठी ठेवलेली नळी दिसते.

शेतसनदींच्या जमिनींचे पुढे काय झाले, आणि संगोळीच्या रायण्णाने जानेवारी १८३० मध्ये खानापूर तालुक्यातल्या बिडीची कचेरी का जाळली, ते पुढच्या भागात. तोवर एक विनंती. त्या काळी या मुलखातला दफ्तरी व्यवहार बराचसा मोडी मराठीत चाले. बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणीकडच्या ज्या घरांत वतनाचे, इनामाचे किंवा शेतसनदीचे जुने कागद पेटीत पडून असतील, त्यांनी ते रद्दीत घालू नयेत. मोडी जाणणाऱ्याकडून एकदा वाचून घ्यावेत.