घुमटातलं घर

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरातल्या भूकंपात माणसं दगावली ती मुख्यतः दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाचं ओझं अंगावर कोसळून. पुढे पुनर्वसनात औसा तालुक्यातल्या गुबाळला घुमटाकार घरं उभी राहिली. त्यामागचं शास्त्र पक्कं आहे. गोलाव्यात भार मुख्यतः दाबाच्या रूपाने जमिनीत उतरतो, म्हणून पातळ, हलकं कवचही मजबूत राहतं.

तरी वाशिमच्या शेतकऱ्याला मी असं छोटं घर सुचवणार नाही. ६ मीटर व्यासाचा अर्धगोल घ्या. जमीन मिळते २८ चौरस मीटर, पण १.८ मीटर उंचीच्या माणसाला कडेपासून ६० सेंटिमीटर आत आल्याशिवाय ताठ उभं राहता येत नाही. म्हणजे तिसऱ्या हिश्शाहून अधिक जागा वाकूनच वापरायची! कपाट भिंतीला टेकत नाही, सोयाबीनच्या पोत्यांची थप्पी लागत नाही. घुमट सरळ भिंतींवर चढवावा म्हणाल, तर तो त्यांना बाहेर रेटतो. बुडाशी सळयांचा पट्टा आवळावाच लागतो. माथ्याच्या झरोक्यातून उन्हाळ्यात गरम हवा निघून जाते, हे मान्य. पण थोरल्याचं लग्न ठरलं की वाढीव खोली जोडायची कुठे? विटांच्या सरळ भिंतींनाही जोत्याला, चौकटींवर आणि छताखाली असे पट्टे घातले, तर त्या भूकंपात चांगला तग धरतात.