गड अर्ध्यावरच संपला!

मुठीत मावेल एवढा, छातीला किंवा डोक्याला पट्ट्याने बांधायचा कॅमेरा तुम्ही पाहिलाय का? सायकलस्वार, गिर्यारोहक, पाणबुडे तो वापरतात. हात मोकळे राहतात आणि कॅमेरा आपलं काम करत राहतो. किती सोपं, हो ना? मलाही तसंच वाटलं होतं. आणि तिथेच मी फसले!

त्याचं असं झालं. आमच्या चौथीच्या वर्गाची सहल सिंहगडावर निघाली होती. वर्गातल्या एका मुलाचा पाय मोडलेला, प्लॅस्टरमध्ये. तानाजी मालुसऱ्यांची गोष्ट त्याची सर्वांत लाडकी. बिचारा रडवेला झाला. मी म्हटलं, "रडू नकोस रे, मी गडच तुझ्या घरी घेऊन येते!"

भावाचा कॅमेरा मागून आणला. त्यात चित्राच्या दर्जाचे बरेच पर्याय होते. मी विचार केला, चांगलं हवं ना? मग सर्वांत मोठा आकडा घ्या! 'फोर के' निवडलं, सेकंदाला ६० चित्रं निवडली आणि आतकरवाडीहून चढायला लागले. चढण तास-दीड तासाची. वर तानाजींच्या समाधीपाशी पोचलो तेव्हा एक मुलगी म्हणाली, "बाई, कॅमेऱ्याचा लाल दिवा लागत नाहीये." कार्ड केव्हाच भरलं होतं! दुसरं जवळ नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्या मुलाने घरी सगळं पाहिलं. पायवाट, झुडपं, मित्रांच्या पाठी. मग हळूच विचारलं, "बाई, समाधी कुठंय?" काय सांगणार?

गणित कुठे चुकलं?

चला, हिशेब करू. माझा कॅमेरा सेकंदाला १०० मेगाबिट माहिती लिहीत होता. ८ बिट म्हणजे १ बाइट. म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट. कार्ड ३२ जीबीचं, म्हणजे सुमारे ३२,००० मेगाबाइट. भागाकार करा. २,५६० सेकंद. जेमतेम ४२ मिनिटं! चढण दीड तासाची, मग गड अर्ध्यावर संपणारच.

'फोर के' चित्रात आडवे ३,८४० आणि उभे २,१६० ठिपके असतात. '१०८०' या पर्यायात १,९२० आणि १,०८०. गुणाकार करून पाहा, पहिल्यात बरोबर चौपट ठिपके निघतील. मोठ्या पडद्यावर दाखवायचं असेल तर ते हवेत. पण घरच्या लहान पडद्यावर बघायला १०८० पुरे. सेकंदाला ३० मेगाबिटच्या दराने तेच कार्ड दोन तास वीस मिनिटांहून जास्त चाललं असतं!

किती चित्रं हवीत?

व्हिडिओ म्हणजे भराभर दाखवलेली स्थिर चित्रं. चालणं-बोलणं टिपायला सेकंदाला २५ किंवा ३० पुरतात. लंगडीतली उडी संथपणे पाहायची असेल तर १२० घ्या. ती ३० च्या वेगाने दाखवली की उडी चौपट सावकाश दिसते. मात्र चित्रं वाढली की प्रत्येक चित्राला प्रकाश मिळायला वेळ कमी मिळतो. म्हणून संध्याकाळी किंवा अंधाऱ्या खोलीत मोठा आकडा नको. आणखी एक गंमत सांगते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. ट्यूबलाइटखाली ३० किंवा ६० ठेवलं तर कधीकधी चित्रात पट्टे सरकताना दिसतात. तिथे २५ किंवा ५० निवडावं.

आणि जास्वंदीची कळी उमलताना पाहायची असेल तर? 'टाइम लॅप्स' लावा. दर दहा सेकंदांना एक चित्र, म्हणजे तासाला ३६०. सेकंदाला ३० दाखवली की तासाभराची गंमत १२ सेकंदांत!

गोप्रो कंपनीचा पहिला कॅमेरा २००४ साली आला. तो मनगटाला बांधायचा आणि त्यात चक्क फिल्मचा रोल असे. असल्या रोलात साधारण २४ किंवा ३६ फोटो मावत. म्हणून माणूस विचार करूनच बटण दाबायचा. आता कार्डं मोठी झाली, पण विचार करायचं काम आपल्याकडेच आहे बरं का!

तेव्हा आधी तीन प्रश्न विचारा. काय टिपायचंय? किती वेळ? कोण, कशावर पाहणार? मग घरीच दोन मिनिटं चालवून पाहा. आणि हो, कुणाचं चित्रण करण्याआधी त्याला विचारायला विसरू नका.

पुढच्या रविवारी मी पुन्हा गड चढले. या वेळी १०८० आणि ३०, शिवाय वाटेत बंद करत करत. त्या मुलाने समाधी तीनदा मागे नेऊन पाहिली. पाय बरा झाल्यावर तो स्वतःच गडावर गेला. कॅमेरा मात्र घरीच विसरला!

करून पाहा : कार्ड ६४ जीबीचं, दर सेकंदाला ५० मेगाबिट. चित्रण किती वेळ चालेल?

(उत्तर : २ तास ५० मिनिटं ४० सेकंद)